पडदा धरणारी

"यू सारोह, हातातलं ठेव आणि ये. मला तुझं तोंड हवंय!"

शेजारची तुरीनाह मला यू, म्हणजे ताई म्हणते. ती कुंपणापलीकडून ओरडली तेव्हा माझ्या कढईत मेंदोआनचा घाणा होता. आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, टेम्पेचा, पातळ काप पिठात बुडवून अर्धवट तळायचा आणि मऊ असतानाच काढायचा. क्षणभर नजर हटली की तो कडक होतो, मग आमच्याकडे त्याला कुणी हात लावत नाही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या माझ्या बाकावर पाक कायीम चहाचा पेला घेऊन बसले होते. गावातली लग्नं लावायची, मयतं उरकायची आणि लोकांची कागदपत्रं तालुक्याच्या कचेरीत पोचवायची, ही कायीमची कामं. त्या दिवशी ते तुरीनाहच्या घरून दोन फोटो न्यायला आले होते. फोटो अजून काढलेच नव्हते, म्हणून थांबले होते, आणि थांबायचं म्हणून खात होते.

"जा तू," ते म्हणाले. "कढईकडे मी बघतो."

"तुम्ही बघाल आणि खाल," मी म्हटलं. गॅस बंद केला, झग्याला हात पुसले आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले.

"माझं तोंड कशाला गं?" मी दारातूनच विचारलं.

"सरावाला," तुरीनाह म्हणाली.

खोलीत तिने जे काही मांडून ठेवलं होतं ते बघून हसावं की रडावं तेच मला कळेना. कपाटाच्या डोक्यावरून जुना पडदा खाली सोडलेला, त्याचे कोपरे तांदळाच्या पिशव्यांनी दाबलेले. खुर्चीवर थर्माकोलचं मोठं झाकण, मासेवाल्याकडून मागून आणलेलं, धुऊनही वास न गेलेलं. केकचा पत्रा चांदीच्या कागदाने मढवून भिंतीला टेकवलेला. आणि या सगळ्यावर, पंख्याला उलटी लटकवलेली एक पांढरी छत्री.

"हे गं काय?"

"स्टुडिओ," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "एन्दाहने फोनवर दाखवलं. एक पोरगी आहे, ती घरच्या घरी स्टुडिओ करते. सगळं स्वयंपाकघरातलंच घ्यायचं म्हणते. मी घेतलं."

"आणि छत्री?"

"तिनं पण लावली होती. कशाला ते नाही माझ्या लक्षात राहिलं."

खाटेवर रासिकुन भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिचा नवरा. जागा होता, कारण छत्रीचं नाव निघालं तेव्हा त्याचा खांदा हलला. झटका आल्यापासून त्याचं उजवं अंग गेलं होतं, तोंड उजवीकडे ओघळलं होतं आणि बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. पण कान पूर्वीचेच होते.

आता यात गंमत अशी, की ज्या घरात आज फोटोसाठी एवढी मारामार चालली होती, त्याच घराने आमच्या डोंगरउतारावरच्या सगळ्या गावांचे फोटो काढले होते. शाळेच्या दाखल्याला फोटो, पोलिसांच्या दाखल्याला फोटो, नोकरीच्या अर्जाला फोटो, लग्नाच्या पुस्तकाला फोटो. शहरात जायला कुणाला सवड नव्हती. रासिकुन आधी सायकलवरून आणि मग मोटरसायकलवरून यायचा, गळ्यात कॅमेरा आणि मागच्या सीटवर तुरीनाह, मांडीवर पडद्याची गुंडाळी घेऊन.

आमच्याकडे फोटोच्या मागच्या रंगाचाही कायदा असतो. जन्मसाल विषम असेल तर मागे लाल, सम असेल तर निळं. लग्नाच्या पुस्तकाला मात्र दोघांनाही निळंच. म्हणून तुरीनाहने दोन पडदे पाठीला पाठ लावून शिवले होते, एकीकडे लाल, दुसरीकडे निळा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ती साल विचारायची, पडदा फिरवायची आणि उपड्या बादलीवर उभी राहून दोन्ही हात वर करून त्याच्यामागे धरायची. बादली अशासाठी की ती बुटकी. डोकं दिसता कामा नये, पाय दिसता कामा नयेत, असा रासिकुनचा हुकूम. वारा असो, ऊन असो, शाळेतली पन्नास पोरं एकामागून एक बसोत, तिचे हात वर ते वर. माझ्या मुलीच्या शाळेच्या फोटोची न कापलेली प्रत माझ्याकडे आहे. तिच्या दोन्ही कोपऱ्यांत तुरीनाहची बोटं आली आहेत.

एवढं सगळं करून या दोघांच्या स्वतःच्या लग्नाची नोंद मात्र झालेली नव्हती. लग्न झालं होतं, रीतसर झालं होतं, मी स्वतः तिथे भात वाढला होता. पण नोंदीसाठी नवरानवरीचे फोटो लागतात, आणि रासिकुनचा हट्ट असा की मी दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर बसणार नाही. शहरातल्या स्टुडिओवाल्याला तो हजाम म्हणायचा. बरं, बायकोचा तरी घे, तर म्हणे, तिचा घ्यायचा तर पडदा कोण धरणार? कपाटाला बांधता आला असता, झाडाला बांधता आला असता. पण गिऱ्हाईक आहे, उद्या बघू, सण होऊ दे, पाऊस जाऊ दे, असं करत ते राहून गेलं. ओळखपत्रासाठी कचेरीतल्या यंत्रासमोर दोघांना बसावं लागलं होतं खरं, पण तो फोटो नव्हे, चोर पकडल्याचा पुरावा आहे, असं तोच म्हणायचा. मला त्याचा फार राग यायचा. तुरीनाहला येत होता की नाही, ते तिने कधी दाखवलं नाही.

आता मोबाइल आले आणि त्याचा धंदा बसला. पडदा मोटरसायकल झाकायला गेला. आणि त्यांची एकुलती एक मुलगी एन्दाह, जी पुर्बालिंग्गाच्या कारखान्यात खोट्या पापण्या चिकटवण्याचं काम करते, तिचं लग्न ठरलं.

तेव्हा ते जुनं प्रकरण वर आलं. आईबापाच्या लग्नाची नोंद नाही म्हणून एन्दाहच्या जन्माच्या कागदावर नुसतं आईचं नाव. आमच्यात मुलीचा हात नवऱ्याच्या हाती बाप देतो. कायीमनी सांगितलं, कागदावर बाप नसेल तर तुझा हात कचेरीतला साहेब देईल, आणि मशिदीत नाव पुकारतील त्यात बापाचं नाव येणार नाही. सगळं गाव ते ऐकणार. ज्यांना आजवर काही ठाऊक नव्हतं तेही मग बोटं मोजून हिशेब करणार.

सुटका एकच होती. अशा जुन्या जोडप्यांसाठी कोर्टाचे लोक गुरुवारी तालुक्याच्या कचेरीत येणार होते. साक्षीदार होते, मी होते, ज्यांनी ते लग्न लावलं ते आधीचे म्हातारे कायीम अजून जिवंत होते. फक्त दोघांचे निळ्या पडद्यापुढचे फोटो आज दुपारपर्यंत पोचायला हवे होते. आणि रासिकुन बसायला तयार नव्हता.

आदल्या दिवशी एन्दाह त्याच्या खाटेशी बसून रडली. ते मला माझ्या अंगणात ऐकू येत होतं.

"बापाक, माझा हात परक्या माणसाने द्यायचा का? तुम्ही असताना?"

त्याचा एकच शब्द आला, "तोंड."

आयुष्यभर लोकांची तोंडं सरळ केलेला माणूस. त्याला आपलं वाकडं तोंड कागदावर नको होतं. एन्दाह सकाळी डोळे सुजवून कामावर गेली, जाताना जुना फोन आईकडे ठेवून.

"बस," तुरीनाहने मला स्टुलावर दाबलं. स्टूल नेमकं खिडकीसमोर ठेवलेलं, पाठ खिडकीला. "इथे उजेड चांगला आहे."

"आणि पडदा तर तिकडे कपाटाला आहे!"

"पडदा नंतर. आधी नुसतं तोंड." तिने दोन्ही हातांत फोन धरला, डोळे बारीक केले आणि श्वास रोखून बटण दाबलं.

मी फोटो बघितला. खिडकी झगझगीत आली होती, तिच्यातलं केळीचं पान न् पान मोजता येत होतं. पुढे एक काळा गोळा.

"ही मी?"

"तूच की."

"नाह, ही माझी कढई आहे. पालथी."

तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि खाटेला वळसा घालून सरळ नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "कांग, बघा ना. यूचा काढला. बरा आलाय ना?"

खाटेवरून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं त्याला ठसका लागला, मी पाणी आणायला धावले. पण तो हसत होता. झटक्यानंतर पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि हसता हसताच त्याला राग आला.

"खि... डकी," तो म्हणाला.

"खिडकीचं काय?"

"पाठ... नको."

"पाठ नको? मग तोंड करायचं का खिडकीकडे?"

त्याने डावा हात हवेत आडवा फिरवला. खिडकी बाजूला हवी. तुरीनाहने स्टूल ओढलं, मला परत त्यावर दाबलं. मी आता माणूस राहिले नव्हते, सामान झाले होते. त्याने केकच्या पत्र्याकडे बघून मान हलवली. नको. थर्माकोलकडे बोट दाखवलं. हे हवं. मग वर छत्रीकडे बघून बराच वेळ थांबला.

"पा... ऊस?" त्याने विचारलं.

मी हसले, तीही हसली, आणि छत्री खाली आली. तुरीनाह म्हणते, तो पहिला फोटो तिने मुद्दाम बिघडवला नव्हता, तिला खरंच काही येत नव्हतं. माझा विश्वास नाही. पण एक खरं, की तिला येण्याचं कारणही नव्हतं. इतकी वर्षं ती फोटोच्या जागी हजर होती, पण पडद्याच्या मागे. पुढे काय चालतं ते तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

रासिकुनला मात्र आता चैन पडेना. खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं. त्याने दोरीवर वाळत घातलेल्या तुरीनाहच्या नमाजाच्या पांढऱ्या झग्याकडे बोट केलं, मग खिडकीकडे.

"तो? खिडकीत?"

"धुतलेला," तो म्हणाला. म्हणजे धुतलेला आहे, चालेल.

झगा खिडकीत टांगला आणि सगळ्या खोलीचा उजेड दुधासारखा मऊ झाला. तुरीनाहने परत बटण दाबलं. या वेळी फोटोत बाई आली, आणि बाई बरी होती. माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसत होते मी. तो फोटो मला मिळाला असता तर फ्रेम करून लावला असता, पण एन्दाहच्या फोनमध्ये तो नंतर कुठे गेला देव जाणे.

"आता तुम्ही," तुरीनाह हळूच म्हणाली.

त्याचा चेहरा लगेच मिटला. मान परत भिंतीकडे गेली. "तोंड."

ती खाटेच्या कडेवर बसली. मला वाटलं, आता ही रडणार किंवा भांडणार. बाहेर कायीमचा खोकण्याचा आवाज आला. फार खाल्लं की ते खोकतात.

"मबाह सान्मुक्ती आठवतात का तुम्हाला?" ती म्हणाली. "ओढ्यापलीकडचे. त्यांना झटका आला होता, तोंड तुमच्याहून वाकडं होतं. लाळ गळत होती. त्यांचा फोटो आला तेव्हा त्यांची सून म्हणाली, हे तर पूर्वीचे मामंजी. तो फोटो अजून त्यांच्या घरात आहे. तुम्ही काय केलं होतं तेव्हा?"

त्याने चादर कानापर्यंत ओढली.

"मला काय माहीत तुम्ही काय केलंत! मी पडद्यामागे होते. मला नुसतं लाल दिसत होतं. तेवढं सांगा मला, मी तसंच करते. नाही जमलं तर पुसून टाकू. यूची शपथ."

"माझी का?" मी म्हटलं.

"तू जवळ आहेस म्हणून."

भिंतीकडची मान वळायला वेळ लागला. मी तेवढ्यात मनातल्या मनात दोनदा देवाचं नाव घेतलं. मग त्याचा डावा हात वर आला आणि त्याने स्वतःच्या ओघळलेल्या गालावर बोट ठेवलं. मग खिडकीकडे दाखवलं. वाकडी बाजू उजेडाकडे.

"उलटं नाही का होणार? सगळं दिसेल की!" मी मध्ये बोलले.

"गप," तो म्हणाला. तो शब्द त्याला अगदी स्वच्छ आला.

आम्ही दोघींनी त्याला उचलून खाटेवरच, खाटेला लागून असलेल्या कपाटाला टेकवून बसवलं, मागे पडद्याची निळी बाजू. पाठीशी उशा, डोक्यावर काळी टोपी, अंगात लग्नकार्याचा पांढरा सदरा, खाली लुंगीच. खिडकीचा उजेड त्याच्या गालावर पडला आणि तिथल्या सुरकुत्यांना इतकं खोल दाखवणारी सावलीच गेली. दुसऱ्या बाजूला मी थर्माकोल धरलं. त्याने मला बोटाने पुढे घेतलं, मागे नेलं, खाली बसवलं. माझे गुडघे काय म्हणत होते ते त्याने विचारलं नाही. माशांच्या वासात मी तशीच उकिडवी बसून राहिले.

तुरीनाहने फोटो काढला. डोळे मिटलेले. परत काढला. परत मिटलेले.

"तुम्ही मुद्दाम मिटताय."

त्याने मान हलवली. तो खरंच मुद्दाम करत नव्हता. घाबरला होता. त्याचा डावा हात चादरीची कड मुठीत धरून बसला होता, आणि मला आठवलं, त्याच्यासमोर स्टुलावर बसणारी पोरं अशीच स्वतःची चड्डी मुठीत धरायची.

"वर," तो म्हणाला. तिने फोन डोळ्यांच्या उंचीवर घेतला. "जव... ळ." ती पुढे सरकली. तेवढ्यात तिचं बोट घसरून भिंगावर आलं, आणि रासिकुनचा जुना संताप उसळला. "बोट!" तो गरजला.

ती दचकली आणि बटण दाबलं गेलं. बोट बाजूला होता होता. फोटोत तो होता, डोळे उघडे, ओठ नुकते मिटलेले, सगळ्या अंगणात दरारा असलेला जुना रासिकुन, गिऱ्हाईकाचं पोर हललं की बघायचा तसा बघणारा. तोंड जरासं एका बाजूला होतं. पण ते कुणाचं नसतं?

तिने त्याला फोन दाखवला. त्याने इतका वेळ बघितला की मला थर्माकोल खाली ठेवायचा धीर होईना. शेवटी त्याने मान डोलावली.

"पुसू?" तिने विचारलं.

"नको."

मी तिथेच जमिनीवर फतकल मारली. केवढं ओझं उतरलं सांगू! माझ्या मुलीचं लग्न असतं तरी एवढं हलकं वाटलं नसतं.

"आता माझा," तुरीनाह म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन तिचा सणाचा निळा कुडता आणि तसाच निळा हिजाब घालून आली. "यू, तू काढ. इथे धर, इथे दाब."

मी हात पुढे केला तर खाटेवरून आवाज आला. "दे."

"कुणाला?"

"मला."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्याने डावा हात उघडून धरला होता. तुरीनाहने फोन त्यात ठेवला. त्याने तो दोनतीनदा बोटांत फिरवला, वजन बघितलं, आणि कोपर मांडीवरच्या उशीवर टेकवलं.

अडचण एकच. तो खाटेवरून हलू शकत नव्हता, म्हणून तिला समोर दाराच्या बाजूला बसावं लागणार, आणि तिथली भिंत बांबूच्या तट्ट्याची. खिळा मारला तर तट्ट्यासकट बाहेर येईल.

"यू," तुरीनाह म्हणाली. आणि तिने पडद्याकडे बघितलं.

"आण ती बादली," मी म्हटलं.

कपाटावरचा पडदा काढून घेऊन मी बादलीवर चढले, तो दोन्ही कोपऱ्यांत धरला आणि हात वर केले. माझ्यापुढचं सगळं जग निळं झालं. मला वाटलं, छान, निळंच हवं होतं.

"निळं!" पलीकडून रासिकुन ओरडला.

"अगं बाई, माझे कपडे," तुरीनाहचा आवाज आला. "मागे निळं आणि पुढेही निळं, नुसतं डोकं तरंगेल." ती आत पळाली. मी हात वर धरून उभी. ती परत आली, स्टूल वाजलं.

"निळं!" तो परत ओरडला.

"आता तर पांढरा घातलाय की!"

"निळं, निळं, निळं!"

स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि तुरीनाह पडद्याच्या कडेने आत डोकावली. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"यू, तुझ्या बाजूला निळं आहे!"

"मग? निळंच हवंय ना?"

"तुला लाल दिसलं पाहिजे. तुला लाल, तर त्याला निळं. फिरव!"

मी फिरवला. आता पुढे फक्त लाल. कापडाचा वास, मोटरसायकलच्या तेलाचा डाग, वरच्या शिवणीतून येणारी बारीकशी उजेडाची रेघ. बस्स, एवढंच. इतकी वर्षं तिने हे बघितलं होतं. गावातली प्रत्येक नवरी, प्रत्येक शाळा सोडणारं पोर तिच्यापासून हातभर अंतरावर बसून गेलं आणि तिने बघितला तो हा तेलाचा डाग. माझे हात एवढ्यातच दुखायला लागले होते. मला एकदम तिच्याबद्दल फार वाईट वाटलं आणि तिच्यावर मायाही आली.

मी वाट बघत होते.

"हात," रासिकुन म्हणाला.

"हाताचं काय?" तुरीनाहचा आवाज.

"खाली."

"खालीच आहेत की."

"ना... हीत."

मला राहवलं नाही. मी शिवणीपाशी डोळा नेऊन कडेने पाहिलं. ती स्टुलावर ताठ बसली होती, खांदे कानांपर्यंत गेलेले, आणि दोन्ही मुठी खांद्यांजवळ, काहीतरी धरून ठेवल्यासारख्या. तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिने मान खाली घालून स्वतःच्या मुठी बघितल्या. मग एक हात मांडीवर ठेवला. मग दुसरा. मी डोळा पटकन मागे घेतला, कारण बादली डगमगायला लागली होती.

"हं," तो म्हणाला. "असं."

बटणाचा आवाज आला.

"पाक कायीम!" तुरीनाहने हाक मारली. ते ओठ पुसत आत आले. पडद्याच्या पलीकडे ते फोन डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून बघत असणार, कारण त्यांचा चष्मा नेहमी घरी राहतो.

"चेहरा पूर्ण आहे. डोळे उघडे. मागे निळं," ते एकेक करून म्हणाले. "दोन्ही चालतील."

"नक्की ना?"

"नक्की. मी आत्ताच पाठवतो. गुरुवारी गाडी सांगून ठेवा, रासिकुनला न्यायला."

गुरुवारी सगळं सुरळीत झालं. महिन्याभराने मशिदीच्या भोंग्यातून एन्दाहचं नाव तिच्या बापाच्या नावासकट ओढ्यापलीकडपर्यंत ऐकू गेलं, आणि तिचा हात रासिकुनच्याच डाव्या हाताने दिला गेला. पण तेव्हा हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? तेव्हा नुसते कायीम म्हणाले चालतील, आणि तुरीनाहने एवढा मोठा श्वास सोडला की तो मला लाल पडद्याच्या मागे लागला. कायीम फोटो आपल्या फोनवर घेऊन, सलाम करून निघून गेले.

"मग मी सोडू का आता?" मी विचारलं.

"सोड बाई, सोड," तुरीनाह म्हणाली. तिचा आवाज हसरा होता. ती उठत होती.

"थांब," रासिकुन म्हणाला.

"आता कशाला कांग? झालं ना काम."

त्याला बोलायला वेळ लागत होता. शब्द जुळवतानाचा त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"ते... कचेरीचे," तो म्हणाला. "हा... माझा."

स्टूल परत वाजलं. ती बसली होती. माझे खांदे भरून आले होते, तिकडे कढई गार झाली असणार आणि उरलेले मेंदोआन कायीमनी जाता जाता संपवले असणार. मी पडदा आणखी थोडा वर धरला.